पायवाट तेवढीच, धावणारे वाढले: ट्रेल आणि अल्ट्रा रनिंगमधले वाद नेमके काय आहेत?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 'वेस्टर्न स्टेट्स' नावाची शंभर मैलांची शर्यत होते. तिच्यात दरवर्षी जेमतेम ३६९ जणांना धावता येतं आणि अर्ज येतात दहा हजारांच्या घरात. डोंगरात सलग एक दिवस आणि एक रात्र धावायची तयारी असलेली हजारो माणसं डिसेंबरमध्ये सोडतीचं थेट प्रक्षेपण बघत बसतात आणि बहुतेकांचं नाव निघतच नाही. म्हाडाच्या सोडतीची आठवण यावी असा हा प्रकार. फरक एवढाच, की इथे नाव निघालं तर घर मिळत नाही, १६१ किलोमीटर धावावं लागतं.

या खेळात सध्या बरेच वाद सुरू आहेत. जागा कुणाला द्यायची? पैसा कुणाकडे जावा? डोंगरात माणूस दगावला तर जबाबदार कोण? हे प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण बहुतेकांच्या मुळाशी अडचण एकच आहे. शहरातले रस्ते बंद केले की मॅरेथॉनमध्ये पन्नास हजार लोक एकावेळी धावू शकतात. डोंगरातली पायवाट मात्र एका माणसाच्या रुंदीची असते आणि मागणी वाढली म्हणून ती रुंद करता येत नाही.

आधी शब्द समजून घेऊ

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. त्याहून लांब शर्यत म्हणजे अल्ट्रा. ट्रेल म्हणजे डांबर-सिमेंट नसलेली वाट, मग ती जंगलातली असो, गडावरची असो की बर्फाच्या कडेची. प्रत्येक अल्ट्रा ट्रेलवर होते असं नाही. भारतातून अनेक जण जिथे जातात ती दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही साधारण ९० किलोमीटरची शर्यत चक्क डांबरी रस्त्यावर होते. इथे ज्या वादांबद्दल बोलायचं आहे, ते मात्र मुख्यतः डोंगरातल्या शर्यतींचे आहेत.

घोडा लंगडला आणि एक खेळ उभा राहिला

वेस्टर्न स्टेट्सचा जन्म घोड्यांच्या शर्यतीतून झाला. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत 'टेव्हिस कप' नावाची शर्यत होते. शंभर मैल, घोड्यावरून, २४ तासांच्या आत. गॉर्डी एन्सली हा तिथला घोडेस्वार. १९७३ मध्ये त्याचा घोडा लंगडला आणि त्याला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. पुढच्या वर्षी तो घोड्याविनाच आला आणि घोड्यांबरोबर पायी धावला. त्याने २३ तास ४२ मिनिटांत शर्यत पूर्ण केली. त्याच्या दोन वर्षं आधी अमेरिकन लष्करातल्या काही जवानांनी हा मार्ग पायी पार केला होता, पण दंतकथा झाली ती एन्सलीची. १९७७ पासून धावणाऱ्यांची अधिकृत शर्यत सुरू झाली.

आजही तिथे विजेत्याला रोख बक्षीस मिळत नाही. २४ तासांच्या आत पोहोचलात तर पट्ट्याचं चांदीचं बक्कल, ३० तासांच्या आत पोहोचलात तर कांस्य बक्कल. ही प्रथासुद्धा घोड्यांच्या शर्यतीतूनच आलेली.

मग ३६९ हा विचित्र आकडा कुठून आला? शर्यतीच्या वाटेवरचा काही भाग १९८४ मध्ये 'ग्रॅनाइट चीफ' या नावाने संरक्षित वनक्षेत्र झाला. अशा क्षेत्रात स्पर्धा भरवायला सहसा परवानगी मिळत नाही. ही शर्यत आधीपासून सुरू होती म्हणून तिला सूट मिळाली, पण अट घातली गेली की तोवर सरासरी जितके लोक धावत होते तितकेच पुढेही धावतील. चाळीस वर्षं उलटली, खेळ जगभर पसरला, आकडा तोच राहिला.

आत शिरायचे तीन दरवाजे

जागा कमी आणि इच्छुक जास्त असले की वाटपाची काहीतरी पद्धत लागते. मोठ्या शर्यतींनी ती आपापल्या स्वभावाप्रमाणे शोधली आहे.

वेस्टर्न स्टेट्सची पद्धत लॉटरीची. अर्ज करण्याआधी ठरलेल्या यादीतली एखादी लांब पल्ल्याची शर्यत पूर्ण करावी लागते. पहिल्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी पडते. नाव निघालं नाही तर पुढच्या वर्षी दोन, मग चार, आठ, सोळा. सातव्या वर्षी चिठ्ठ्या होतात ६४. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याची शक्यता एका टक्क्याच्याही आत असते. त्यामुळे पाच-सात वर्षं रांगेत असलेले लोक इथे नवलाचे नाहीत. पद्धत चिकाटीची कदर करते हे खरं. पण दरवर्षी पात्रता शर्यत धावत राहण्याइतका वेळ, पैसा आणि धड गुडघे कुणाकडे असतात, हाही प्रश्न आहेच. शिवाय ३६९ मधल्या सगळ्याच जागा सोडतीला नसतात. आदल्या वर्षीचे पहिले दहा पुरुष आणि दहा महिला यांना थेट प्रवेश असतो. ठरावीक शर्यतींत वरचे क्रमांक मिळवणाऱ्यांना 'गोल्डन तिकीट' मिळतं. सामान्य धावपटूच्या वाट्याला उरतं ते त्यानंतरचं.

दुसरा दरवाजा टेनेसी राज्यातल्या 'बार्कली मॅरेथॉन्स'चा, आणि तो कुठे आहे हेच कुणी सांगत नाही. अधिकृत वेबसाइट नाही, अर्ज कुठे नि कधी करायचा हे जाहीर होत नाही. प्रवेश फी १ डॉलर ६० सेंट आणि नव्या धावपटूने आपल्या राज्यातली किंवा देशातली गाडीची नंबरप्लेट आणून द्यायची. साधारण ४० जण घेतले जातात. आयोजक गॅरी कॅन्ट्रेल, ज्याला सगळे 'लॅझरस लेक' म्हणून ओळखतात, सिगारेट पेटवतो आणि शर्यत सुरू होते. बहुतेक वर्षी एकतर कुणीच पूर्ण करत नाही किंवा एखाद-दुसराच करतो. २०२४ मध्ये ब्रिटनच्या जॅस्मिन पॅरिसने ती पूर्ण केली. असं करणारी ती पहिली महिला. ६० तासांची मुदत संपायला तेव्हा फक्त ९९ सेकंद उरले होते.

बार्कलीवर फारसे वाद होत नाहीत, कारण तिथे न्यायाचा दावाच कुणी करत नाही. खरा गदारोळ आहे तो तिसऱ्या दरवाजावरून.

'रनिंग स्टोन' म्हणजे काय आणि त्यावरून लोक का चिडतात?

हा दरवाजा आहे यूटीएमबीचा, म्हणजे 'अल्ट्रा ट्रेल दु माँ ब्लाँ'चा. फ्रान्समधल्या शामोनी गावातून निघायचं, माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालत इटली आणि स्वित्झर्लंडमधून परत शामोनीला यायचं. अंतर १७० किलोमीटरहून जास्त, चढाई सुमारे दहा हजार मीटर. समुद्रसपाटीपासून कळसूबाईचं शिखर सहा वेळा गाठावं, एवढी. मुदत साडेसेहेचाळीस तास. २००३ मध्ये पहिल्यांदा झाली तेव्हा सातशेच्या आसपास लोक निघाले आणि खराब हवामानात ६७ जणच शेवटपर्यंत पोहोचले. पहिला आला होता मूळचा नेपाळचा दावा दाछिरी शेर्पा.

कॅथरीन आणि मिशेल पोलेटी या दांपत्याने इतरांसोबत सुरू केलेली ही शर्यत आज या खेळाची पंढरी आहे. २०२१ मध्ये तिच्या कंपनीने ट्रायथलॉनच्या जगातल्या 'आयर्नमॅन' समूहाशी भागीदारी केली आणि त्यातून 'यूटीएमबी वर्ल्ड सीरिज' उभी राहिली. वेगवेगळ्या खंडांतल्या डझनावारी शर्यती या साखळीत आहेत.

नियम असा: शामोनीच्या मुख्य शर्यतीच्या सोडतीत नाव टाकायचं असेल, तर तुमच्याकडे 'रनिंग स्टोन' हवेत. ते मिळतात फक्त साखळीतल्या शर्यती पूर्ण करून. छोट्या शर्यतीला एक, शंभर मैलांना चार. काही शर्यतींना 'मेजर' दर्जा आहे, तिथे दुप्पट. जितके स्टोन, तितक्या तुमच्या नावाच्या चिठ्ठ्या.

टीकाकार म्हणतात, हे सरळसरळ गिऱ्हाईक बांधून ठेवणं आहे. पूर्वी जगभरातल्या स्वतंत्र शर्यती धावून शामोनीसाठी पात्र होता यायचं. आता एकाच साखळीत फी भरावी लागते, आणि जास्त फी भरणाऱ्याच्या चिठ्ठ्या जास्त. भारतातल्या धावपटूला हा हिशेब चटकन कळेल. थायलंडमधली चियांग माईची किंवा मलेशियातली तैपिंगची शर्यत त्यातल्या त्यात जवळची. म्हणजे स्टोनसाठी विमानाचं तिकीट, राहणं, फी, सुट्ट्या. मग सोडत. आणि नाव निघालंच तर युरोपचा खर्च वेगळा.

यूटीएमबीच्या बाजूनेही मुद्दे आहेत. पूर्वीची व्यवस्थाही काही फुकट नव्हती, तिथेही शर्यती धावून गुण जमवावे लागायचे. दहा हजार मीटर चढाईच्या शर्यतीत अननुभवी माणूस सोडणं धोक्याचं, म्हणून अनुभवाची अट हवीच. साखळी असली की वैद्यकीय सोय, सुरक्षा, उत्तेजक चाचणी यांचा दर्जा एकसारखा ठेवता येतो. व्यावसायिक धावपटूंना बक्षिसाची रक्कम आणि थेट प्रक्षेपणामुळे प्रायोजक मिळतात. वेस्टर्न स्टेट्सच्या बक्कलवर कुणाचं घर चालत नाही, हे टीकाकारही मान्य करतील.

तरी 'अनुभव हवा' आणि 'आमच्याच दुकानातला अनुभव हवा' यांत फरक आहे. वादाचं मूळ तिथेच आहे.

व्हिसलरमध्ये काय घडलं?

खदखद आधीपासून होतीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा स्फोट झाला. कॅनडातल्या व्हिसलर इथे गॅरी रॉबिन्स हा धावपटू-आयोजक आपली स्थानिक शर्यत भरवत असे. ती त्याला बंद करावी लागली. स्की रिसॉर्ट चालवणाऱ्या व्हेल रिसॉर्ट्स कंपनीकडून हव्या तशा अटींवर परवानगी मिळाली नाही, असं त्याचं म्हणणं. काही महिन्यांनी त्याच ठिकाणी यूटीएमबीच्या नव्या शर्यतीची घोषणा झाली. रॉबिन्सने आपली बाजू जाहीरपणे मांडली आणि जगभरचे धावपटू तुटून पडले. आपण कुणाची शर्यत हिसकावलेली नाही, अशी यूटीएमबीची भूमिका होती. २०२४ मध्ये ती शर्यत झालीही.

जानेवारी २०२४ मध्ये आणखी एक ठिणगी पडली. या खेळातला सर्वांत मोठा तारा, स्पेनचा किलियन जॉर्नेट आणि अमेरिकेचा झॅक मिलर यांनी अव्वल धावपटूंना पाठवलेला ईमेल बाहेर फुटला. त्या वर्षी शामोनीला न जाता दुसरीकडे धावूया, अशी त्यातली सूचना होती. दोघांनी नंतर सांगितलं की त्यांना चर्चा घडवून आणायची होती. बहिष्कार काही झाला नाही, ऑगस्टमध्ये शामोनी नेहमीसारखंच गजबजलं. ज्या शर्यतीवर राग आहे तीच सगळ्यांना धावायचीही आहे, हे यूटीएमबीचं बळ आहे.

प्रायोजकांवरूनही जुंपली. २०२३ मध्ये शर्यतीच्या नावापुढे 'डाचिया' या मोटार कंपनीचं नाव लागलं. वितळत्या हिमनद्यांच्या कडेने धावायचं आणि छातीवर मोटारींची जाहिरात मिरवायची, यावर पर्यावरणवादी धावपटूंनी आक्षेप घेतला. २०२४ मध्ये नाव बदललं आणि बूट बनवणाऱ्या 'होका'चं आलं. पण अशा स्पर्धांच्या कार्बन उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा असतो तो धावपटूंच्या प्रवासाचा. मोटारीच्या जाहिरातीवर रागावणारे अनेक जण शामोनीला विमानाने येतात, हे टोमणे त्यांनाही ऐकावे लागले.

बाळंतपण ही 'दुखापत' नाही, मग सवलत का?

२०१८ च्या यूटीएमबीतला एक फोटो जगभर फिरला. इटलीतल्या कूरमायूर इथल्या थांब्यावर ब्रिटिश धावपटू सोफी पॉवर बसली आहे, तीन महिन्यांच्या बाळाला पाजते आहे. शेजारी एक पुरुष धावपटू पाय वर करून पडला आहे. कौतुकाचा पाऊस पडला, पण फोटोमागची गोष्ट कौतुकाची नव्हती. दुखापत झाली तर जागा पुढच्या वर्षी राखून मिळायची, गरोदरपणासाठी मिळायची नाही. आधी एकदा याच कारणाने तिची जागा गेली होती. पुन्हा घालवायची नव्हती, म्हणून ती बाळंतपणानंतर इतक्या लवकर उतरली.

सोडतीने मिळणारी जागा वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षेनंतर येते. त्यात मूल होण्याचं वर्ष आलं तर बाईने सगळं पहिल्यापासून सुरू करायचं का? यूटीएमबी, वेस्टर्न स्टेट्ससह अनेक शर्यतींनी पुढे नियम बदलले आणि गरोदर महिलांची जागा राखून ठेवायला सुरुवात केली. पॉवरने 'शी-रेसेस' ही संस्था काढली. तिच्या मागण्या अगदी साध्या असतात: जागा राखून ठेवा, वाटेत शौचालय आणि सॅनिटरी पॅडची सोय करा, बायकांच्या मापाचा टी-शर्ट द्या. एवढ्यासाठी संस्था काढावी लागते, यातच काय ते आलं.

जॅकेट सक्तीचं हवं का?

हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात त्याची किंमत कळली. बाइयिन शहराजवळच्या 'यलो रिव्हर स्टोन फॉरेस्ट' या शंभर किलोमीटरच्या शर्यतीत १७२ जण निघाले होते, बहुतेक जण हाफ पँट आणि पातळ टी-शर्टमध्ये. दुपारी उंचावरच्या टप्प्यात गारा, बर्फगार पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. वाऱ्यापासून बचाव करणारं जॅकेट सोबत ठेवा अशी शिफारस होती, सक्ती नव्हती. त्या चढावर वाहन पोहोचत नव्हतं आणि आसराही नव्हता. थंडीने शरीराचं तापमान घसरून २१ जण दगावले. त्यात चीनचा अव्वल अल्ट्रा धावपटू लियांग जिंगही होता. जू केमिंग या मेंढपाळाने गुहेत शेकोटी पेटवून सहा जणांना वाचवलं. चौकशीत आयोजनातल्या त्रुटींवर बोट ठेवलं गेलं, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली आणि चीनने अशा शर्यती काही काळ थांबवल्या.

युरोपातल्या मोठ्या शर्यतींत सामानाची यादी सक्तीची असते: टोपी असलेलं जलरोधक जॅकेट, डोक्याला लावायचा टॉर्च, अंगाभोवती गुंडाळायची चंदेरी चादर, शिट्टी, फोन, किमान एक लिटर पाणी. थांब्यावर तपासणी होते, वस्तू नसेल तर दंड. अमेरिकेतल्या अनेक शर्यतींत अशी यादी नसते किंवा नावापुरती असते. तिथे भर असतो तो थोड्या थोड्या अंतरावरच्या मदत केंद्रांवर आणि शेवटच्या टप्प्यात सोबत धावणाऱ्या 'पेसर'वर. युरोपात बहुतेक ठिकाणी पेसरला मनाई. अनुभवी धावपटूंना यादी म्हणजे पाठीवरचं ओझं वाटतं, पण गान्सूत दगावलेल्यांत देशातला अव्वल धावपटूही होता.

उत्तेजकांचा प्रश्नही याच वाटेने आला. पैसा आला की हे येतंच. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या प्रसिद्ध सिएर-झिनाल शर्यतीतले पुरुष आणि महिला दोन्ही गटांचे विजेते चाचणीत दोषी आढळून बाद झाले. 'आमच्या खेळात असलं काही नसतं' हे वाक्य तेव्हापासून कमी ऐकू येतं.

एक वळण चुकवलं आणि प्रकरण राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेलं

शर्यतच नसेल तर? अनेक धावपटू ठरावीक वाटेवर एकट्याने सर्वांत कमी वेळेचा विक्रम नोंदवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये एका अमेरिकन धावपटूने वायोमिंगमधलं ग्रँड टेटन शिखर चढून-उतरून येण्याचा विक्रम २ तास ५० मिनिटांत केल्याचं जाहीर केलं. उतरताना त्याने नागमोडी वाट सोडून बंद केलेली जुनी आडवाट धरली होती. अशा आडवाटांनी माती सुटते, पावसात घळी पडतात, म्हणून राष्ट्रीय उद्यानात त्यावर बंदी आहे. विक्रम ग्राह्य धरला गेला नाही आणि वर फौजदारी खटला उभा राहिला. २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं, आणि काही आठवड्यांत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफी दिली. त्या आडवाटेने आधीच्या विक्रमवीरांपैकीही काही जण गेले होते, असा त्याच्या बाजूचा मुद्दा होता. उद्यानाचा मुद्दा असा, की नेमकं म्हणूनच कुठेतरी थांबवणं भाग आहे.

सह्याद्रीत काय?

इथे हे वाद अजून बाल्यावस्थेत आहेत. पुण्याजवळ सिंहगड, राजगड, तोरणा जोडणारी 'एसआरटी अल्ट्रा' भरते, ती धावायला बाहेरगावचे धावपटूही येतात. पण जो कुणी राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे चालत गेला आहे, त्याला वाटेची रुंदी सांगायला नको. त्या धारेवर समोरून ट्रेकचा गट आला तर कुणीतरी एकाने थांबायचं असतं. राजगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला आहे, त्यामुळे येणाऱ्यांची संख्या वाढेल असाच अंदाज आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली आणि ऑनलाइन नोंदणी सुरू झाली, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. तशी वेळ गडवाटांवर आली, तर ३६९ सारखा एखादा आकडा इथेही ठरवावा लागेल. तेव्हा त्यात शर्यतीत धावणारे किती, शनिवार-रविवारचे ट्रेकर किती आणि त्याच वाटेने रोज गुरं नेणारे वाडीतले लोक मोजायचे की नाही, हे वन विभाग, पुरातत्त्व खातं आणि आयोजकांना एकत्र बसून ठरवावं लागेल.